कारखाना कसा बंद केला, ते त्यांना विचारा

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका वाचक भगिनीच्या पत्राचा आशय असा आहे :

"पंप आणि ट्रॅक्टर यांच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग करणारा आमचा कारखाना आहे. कामगार ६० आहेत. थोरले बंधू आणि मी मिळून तो पाहतो. उत्पादनाचे नियोजन आणि बाहेरच्या शॉपना करायला दिलेले काम, म्हणजे जॉबवर्क, सांभाळणारी दोन माणसे गेल्या तीन वर्षांत सोडून गेली. दोघेही पुण्याकडे गेले. आता या जागेसाठी ४६ वर्षांच्या एका गृहस्थांचा अर्ज आला आहे. त्यांनी मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत १४ वर्षे स्वतःचे आठ मशिनांचे शॉप चालवले आणि दीड वर्षापूर्वी ते बंद केले. त्यांना घ्यावे असे मला वाटते. दादा म्हणतात, 'ज्याला स्वतःचे टिकवता आले नाही तो आपले काय टिकवणार? इतकी वर्षे मालक होता, आता आपले ऐकणार का? आणि ऐकलेच, तर दोन वर्षांत सगळे शिकून घेईल आणि आपलीच गिऱ्हाइके घेऊन समोर शॉप टाकील.' त्यांच्याकडे पूर्वी काम केलेले दोन ऑपरेटर सध्या आमच्याकडे आहेत. काय करावे?"

ताई, दादांच्या बोलण्यात तीन शंका आहेत आणि त्यांतल्या पहिलीचे तिसरीशी जमत नाही. ज्याला धंद्यातले काही कळत नाही तो तुमची गिऱ्हाइके कशी पळवील, आणि पळवण्याइतके ज्याला कळते तो नालायक कसा, हे दादांना एकदा, शक्यतो जेवण झाल्यावर, विचारून पाहा. तरीही मी त्यांच्या शंका उडवून लावणार नाही, कारण ६० माणसांचा पगार ज्याच्या डोक्यावर आहे त्याने थोडे शंकेखोर असलेलेच बरे. माझे मत मात्र पत्र वाचतानाच झाले : या गृहस्थांना बोलवा, आणि मुलाखतीत त्यांनी धंदा कसा चालवला यापेक्षा तो कसा बंद केला यावर अधिक वेळ घालवा.

आपल्या भागात एखादे शॉप बंद पडले की लोक 'बुडाला' या एकाच शब्दात त्याची वासलात लावतात आणि त्या शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. आठ मशिनांच्या शॉपला बहुधा एक मोठे गिऱ्हाईक असते आणि दोन-तीन किरकोळ. पगार पहिल्या आठवड्यात करावाच लागतो, वीजबिल थकले तर जोडणी तुटते, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र ९० दिवसांनी येतात, कधी १२० दिवसांनी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत आणि अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ धरून व्याज द्यावे लागते. परंतु ज्याचे एकच मोठे गिऱ्हाईक आहे त्याने त्याच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे आपल्याच शटरला आपल्या हाताने कुलूप लावायचे. त्यात त्या गिऱ्हाइकाने ते काम स्वतःच्या कारखान्यात ओढून घेतले, की कसबी आणि सचोटीचा माणूससुद्धा सहा महिन्यांत मोकळा बसतो. २०२० ची टाळेबंदी, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर यांनी सांगली-मिरजेला अशी माणसे पुष्कळ दाखवली आहेत. याउलट चार पैसे दिसताच गाडी बदलणारे, तोंडी मिळालेल्या ऑर्डरच्या भरवशावर मशिनचे कर्ज काढणारे आणि हिशेब चिठोऱ्यांवर ठेवणारेही बुडतातच. दोघांच्याही अर्जात 'स्वतःचा व्यवसाय, १४ वर्षे' एवढेच लिहिलेले असते.

म्हणून शेवटच्या तीन-चार महिन्यांची हकीकत विचारावी. हातात पैसा कमी पडू लागला तेव्हा त्यांनी तो कोणत्या क्रमाने दिला? कामगारांचा शेवटचा पगार, इन्सर्ट आणि कूलंट उधारीवर देणारा दुकानदार, बँक, मेहुण्याकडून घेतलेली उसनवारी, यांत आधी कोण आणि शेवटी कोण? गिऱ्हाइकांची कास्टिंग, गेज, फिक्स्चर आणि ड्रॉइंग मोजून, चलन करून परत गेली का? जीएसटीची नोंदणी रीतसर रद्द करून अंतिम विवरणपत्र भरले का, की क्रमांक तसाच लोंबकळत ठेवला? यातले शेवटचे तर त्यांना न विचारताही कळू शकते, कारण क्रमांक हाताशी असला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. बाकीच्यासाठी त्यांच्या परवानगीने एखाद्या जुन्या पुरवठादाराशी बोला. तुमच्याकडचे ते दोन ऑपरेटर तर घरातलेच साक्षीदार आहेत. फक्त त्यांना केबिनमध्ये बोलावून समोर उभे करू नका. चहाच्या वेळी मशिनपाशी जाऊन, 'तुमच्या जुन्या शेठचा अर्ज आलाय,' एवढेच म्हणा आणि पुढे गप्प राहा. त्यांचे चेहरे पहिल्या दोन सेकंदांत जे सांगतील ते कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा खरे असेल.

समजा, या परीक्षेला ते उतरले. मग तुमच्या हाती काय लागते, ते दादांना पटेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. मुलाखतीला आलेल्या पदविकाधारक तरुणासमोर एखाद्या पंप केसिंगचे ड्रॉइंग ठेवा. तो बोअरची, म्हणजे आतल्या भोकाची, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहील, सायकल टाइम काढील, कोणत्या मशिनवर कोणता सेटअप ते सांगेल, आणि यात गैर काहीच नाही. तेच ड्रॉइंग या गृहस्थांपुढे ठेवा. टॉलरन्स तेही पाहतील, परंतु पाठोपाठ ते विचारतील की महिन्याला नग किती, कास्टिंग कोणत्या फाउंड्रीचे, आणि स्क्रॅप कोणाचा. मशिनिंग करताना निघणारा लोखंडाचा चुरा जॉबवर्क करणाऱ्याकडे राहणार की गिऱ्हाइकाला परत जाणार, यावर नगाचा दर काही रुपयांनी हलतो, आणि हे ज्याने तो चुरा स्वतः विकून वीजबिल भरले आहे त्याला सांगावे लागत नाही. त्यांचा पुढचा प्रश्न बहुधा ब्लो होलचा असेल. तीन सेटअप होऊन चौथ्यात बोअर मारताना आतली पोकळी उघडी पडली, तर वाया गेलेले मशिनिंग कोणाच्या खात्यावर टाकायचे, यावरून फाउंड्री आणि मशीन शॉप यांची वर्षानुवर्षे भांडणे चालतात. पगारी माणूस असा नग लाल रंग लावून रिजेक्शनच्या पेटीत टाकतो. ज्याच्या बिलातून असे नग डेबिट नोटने कापले गेले आहेत, तो ते कोणत्या हीटचे, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या ओतीचे, आहेत हे पाहतो, त्याच हीटची उरलेली कास्टिंग बाजूला काढतो आणि त्याच दिवशी फाउंड्रीला फोन लावतो. हे त्याच्या चांगुलपणामुळे घडत नाही. त्याचा हात त्यात पोळलेला असतो.

बाहेरच्या जॉबवर्कच्या बाबतीत तर हा माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला १४ वर्षे बसलेला आहे. 'दोन दिवसांत देतो' या वाक्याचा अर्थ मशीन बंद आहे, ऑपरेटर गावी गेला आहे की दुसऱ्याचे काम आधी घेतले आहे, हे त्याला आवाजावरून कळते, कारण ते वाक्य त्याने स्वतः शेकडो वेळा उच्चारलेले असते. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पुरवठा धरून जीएसटीचा बोजा पाठवणाऱ्यावर येतो, आणि पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) परत करावे लागते, हे तुमच्या हिशेबनिसाला माहीत असेलच; पण शॉपमध्ये उभे राहून 'ती १२० नगांची चलने अजून उघडी आहेत' हे आठवण करून देणारा माणूस निराळा असतो. एक सूचनाही आधीच देतो. हे गृहस्थ तुमच्याकडे आले तर लहान जॉबवर्कवाल्यांचे पैसे वेळेवर द्या म्हणून तुमच्याच मागे लागतील. लागू द्या. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वर सांगितलेल्या २००६ च्या कायद्यातील मुदतीत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जातात त्याच वर्षी वजा मिळतो, तेव्हा त्यांचे ऐकण्यात तुमचाही फायदाच आहे.

आता दादांची दुसरी शंका, ऐकतील का ही. या बाबतीत मी स्वतःचेच उदाहरण देतो, कारण त्यात माझी फजितीही आहे. सांगलीच्या गावभागात माझा छोटा छापखाना होता. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आत आले आणि कागदाची रिमे फुगून अशी बसली की ती मांडणीतून पहारीने काढावी लागली. पुढे दोन वर्षे ओढाताण करून मी छापखाना बंद केला आणि साताऱ्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरी धरली. पहिल्याच महिन्यात एका खोक्याचा आराखडा पाहताना मला दिसले की त्याची चिकटवण्यासाठी ठेवलेली कडेची पट्टी चार मिलिमीटरने कमी केली तर एका शीटमध्ये पाचाऐवजी सहा खोकी बसतात. नगामागे लागणारा पुठ्ठा सहाव्या हिश्श्याने कमी झाला. तो आराखडा तिथे बरीच वर्षे तसाच चालला होता आणि तिथली माणसे माझ्यापेक्षा हुशार होती. पण शीटच्या कडेला पडणारी कातर त्यांच्यापैकी कोणी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली नव्हती.

या कौतुकाने मी जरा फुगलो असणार. तिसऱ्या महिन्यात कागदाचा भाव वाढणार अशी कुणकुण लागली, आणि मी कोणालाही न विचारता एका पुरवठादाराला फोनवर ४०,००० रुपयांची उचल कबूल करून टाकली. माझ्या छापखान्यात मी हेच केले असते आणि ते शहाणपणाचे ठरले असते. इथे लेखा विभागाने पैसे द्यायला नकार दिला, पुरवठादार माझ्यावर चिडला, आणि माझे वरिष्ठ, जे माझ्याहून १५ वर्षांनी लहान होते, त्यांनी दार लावून घेतले आणि शांतपणे म्हटले, "निर्णय बरोबर असेलही, पण तो तुमचा नव्हता." मला ते फार लागले. घरी येऊन मी राजीनामा लिहिला आणि सकाळी फाडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर मी कोणत्या रकमेपर्यंत स्वतः ठरवायचे, कुठे कळवून ठरवायचे आणि कुठे विचारून ठरवायचे, एवढेच लिहिले होते. तो कागद पहिल्या दिवशी मिळाला असता तर ती चूक माझ्याकडून झाली नसती.

तेव्हा तुम्हीही तसा कागद तयार करा, आणि तो नेमणूकपत्राबरोबरच द्या. मालकी केलेल्या माणसाला हुकूम ऐकण्याचा त्रास तुम्हाला वाटतो तितका होत नाही. गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्यापुढे, बँकेच्या मॅनेजरपुढे आणि वीज मंडळाच्या वायरमनपुढे त्याने जितके ऐकून घेतलेले असते तितके कोणत्याही नोकरदाराने ऐकलेले नसते. त्रास होतो तो हद्द कुठे संपते हे न कळण्याचा, आणि भावंडांच्या कारखान्यात तर ही हद्द फारच धूसर असते. ते कोणाच्या हाताखाली काम करणार हे आधी ठरवा आणि नाव एकच असू द्या. तुम्हाला ते पसंत आहेत म्हणून ते तुम्हालाच जोडले जावेत असे तुमच्या मनात असेल. माझा सल्ला उलट आहे. त्यांना दादांच्या हाताखाली द्या. तुमच्या हाताखाली दिले तर त्यांची प्रत्येक चूक ही तुमच्या निवडीची चूक ठरेल आणि शॉपमधला वाद रात्री घरी जेवणाच्या ताटापर्यंत येईल. दादांच्या हाताखाली असले तर महिन्याभरात 'तुझा तो माणूस' चे 'आपला माणूस' होण्याची निदान शक्यता आहे.

गिऱ्हाइके घेऊन जाण्याच्या भीतीवर अनेक जण एक जालीम उपाय करतात; नोकरी सोडल्यावर अमुक वर्षे याच धंद्यात पडणार नाही असे स्टँप पेपरवर लिहून घेतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंद्याला असा प्रतिबंध करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो, म्हणजे त्या कागदाने तुम्हाला संरक्षण मिळत नाही आणि समोरच्याचा विश्वास मात्र पहिल्याच दिवशी जातो. जे टिकते तेवढेच लिहून घ्या : नोकरीत असताना स्वतःचा किंवा घरच्यांच्या नावाचा याच कामाचा धंदा असणार नाही, असल्यास आधी सांगितला जाईल, आणि तुमची ड्रॉइंग, दर व गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाणार नाही. पत्नीच्या नावावर दोन लेथ अजून चालू असतील तर ते आज कळलेले बरे. बाकी सोडून जाण्याचे म्हणाल, तर आधीचे दोघे पुण्याला गेलेच आहेत. या गृहस्थांचे घर मिरजेत आहे, वय ४६ आहे, आणि चाकणला खोली घेऊन राहण्याची हौस या वयात फारशी कोणाला उरत नाही. पाच वर्षांनी त्यांनी पुन्हा दोन मशिने टाकलीच, तर तुमची पद्धत आणि तुमचा दर्जा माहीत असलेला एक जॉबवर्कवाला तुम्हाला मिळेल.

कर्जाविषयी मात्र उघड विचारा. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात दोन्ही बाजूंचे नुकसान आहे. शॉप एकट्याच्या मालकीचे असेल तर ते बंद झाले तरी देणी त्यांच्या अंगावर राहतात. एखादा धनादेश न वटल्याचा खटला चालू असेल तर तारखेला न्यायालयात जावे लागेल, आणि ती रजा आधी सांगून घेतली जावी एवढेच तुम्ही पाहायचे. उद्या एखाद्या वसुलीच्या हुकूमनाम्यात पगारजप्तीचा आदेश तुमच्याकडे आलाच तरी गोंधळून जाऊ नका. अशा जप्तीत पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग दिवाणी प्रक्रिया संहितेने सुरक्षित ठेवला आहे. देणे असणे हा दोष धरू नका. विचारल्यावर लपवले, तर तो दोष मोठा आहे. आणि एक गोष्ट ते स्वतःहून मागणार नाहीत म्हणून मी सांगतो : १४ वर्षे इतरांचे पीएफचे चलन भरलेल्या माणसाच्या स्वतःच्या नावावर बहुधा पीएफचा एक रुपयाही नसतो. कायद्याने सक्ती नसली तरी त्यांना सभासद करून घ्या.

कोणाला घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे, कारण मालक होता म्हणून प्रत्येक जण सोने असतो असे मी म्हणत नाही. शॉप बंद होण्याच्या संपूर्ण हकिगतीत ज्याची स्वतःची एकही चूक नसते, ज्याला गिऱ्हाईक, बँक, सरकार आणि भागीदार या सर्वांनी मिळून फसवलेले असते, त्याला चहा पाजून निरोप द्या. तुमच्या शॉपमध्ये पहिल्या फेरीतच 'मी असतो तर' ने तीन वाक्ये सुरू करणाऱ्यालाही तसेच. आणि जो ऑपरेटरच्या नावाऐवजी 'अरे ए' म्हणून हाक मारतो, तो मालक असताना कसा होता ते कळायला दुसरा पुरावा नको.

दादांना एवढ्यानेही पटले नाही तर त्यांना किर्लोस्करवाडीची आठवण करून द्या. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले होते आणि ती माणसे विश्वासाला उतरली. आपल्याच जिल्ह्यात ते घडले, आणि तुमच्यासमोरच्या अर्जदाराने तर, आपल्याला माहीत आहे तेवढ्यावरून, शॉप बंद करण्यापलीकडे काहीच केलेले नाही.

नेमणूक झालीच, तर पहिल्या दिवशी शॉपमध्ये ओळख करून देताना 'हे पूर्वी मालक होते' असे सांगायचे की नाही, हे त्यांनाच विचारून ठरवा. काहींना ते आवडते, काहींना चटका बसतो. तुम्ही काहीही सांगितले तरी ते दोन जुने ऑपरेटर मात्र त्यांना 'शेठ' च म्हणतील, तेही दादांच्या समोर. दादांना तेवढे आधी कानावर घालून ठेवा.